तेल महागले, सोयाबीन जागेवरच

१४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयातशुल्क एका झटक्यात वाढवले. कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर सगळे उपकर धरून ५.५ टक्के कर लागत होता, तो २७.५ टक्के झाला. रिफाइंड तेलावरचा १३.७५ वरून ३५.७५ वर गेला. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन काढणीला आले होते आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हेतू कुणाला समजावून सांगावा लागला नाही. बाहेरचे तेल महाग झाले की घरच्या तेलबियांना भाव येईल, असा तो हिशेब.

तेल महागले. दिवाळीच्या फराळात प्रत्येक घराने त्याची किंमत मोजली. सोयाबीन मात्र हलले नाही. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना लातूर, अकोल्याच्या बाजारात चार-सव्वाचार हजारांच्या आसपास सौदे होत राहिले. सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नव्हता. परतीच्या पावसात भिजलेला माल घेऊन शेतकरी आडत दुकानाकडे वळला. ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि ज्याला रब्बीच्या बियाण्यासाठी पैसे हवे होते त्याने माल केव्हाच विकून टाकला होता.

शुल्क वाढूनही भाव का वाढला नाही, याचे उत्तर गिरणीत मिळते. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास पेंड. आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो खरे, पण गिरणीवाल्याच्या दृष्टीने ते पेंडेचे पीक आहे; तेल सोबत येते. आता गणित करा. तेल किलोमागे २० रुपयांनी वधारले तर क्विंटलभर सोयाबीनची किंमत ३६० रुपयांनी वाढते. पेंड किलोमागे फक्त ५ रुपयांनी उतरली तर ४०० रुपये जातात. दिल्लीने शुल्क लावून जे दिले, ते पेंडेने परस्पर काढून घेतले.

आणि पेंड त्या काळात उतरलेलीच होती. अर्जेंटिना हा सोयापेंडीचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार. त्याच्या जोडीला अमेरिका आणि ब्राझीलमध्ये बायोडिझेलसाठी सोयातेलाची मागणी वाढली, त्यामुळे गाळप वाढले आणि पेंडेचे ढीग जागतिक बाजारात आले. आपली पेंड जनुकबदल न केलेल्या बियांची असते, म्हणून काही देश तिला थोडा जास्त दर देतात. पण ते गिऱ्हाईक मोजके. घरचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे कोंबडीखाद्याचे कारखाने. तिथे वेगळाच पाहुणा येऊन बसला: मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा, ज्याला धंद्यात ‘डीडीजीएस’ म्हणतात. तो सोयापेंडीपेक्षा स्वस्त, प्रथिनेही बऱ्यापैकी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण एका मंत्रालयाचे, तेलबियांचे दुसऱ्याचे. सोयाबीनवाल्याला बसलेला हा फटका परदेशातून आलाच नव्हता.

पेंडेची ही ताकद शेतकऱ्याने उलट बाजूनेही पाहिली आहे. २०२१ च्या पावसाळ्यात काही बाजार समित्यांत सोयाबीनने १० हजारांचा टप्पा ओलांडला. कोंबडीपालकांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, तीही जनुकबदल केलेल्या सोयाबीनची. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला होता. नवे पीक येणार म्हणून तो थोडाफार उतरलाच असता. पण गावात अजून आयातीचेच नाव निघते, आणि ते अगदीच खोटे नाही.

मुळात बाहेरचा माल स्वस्त का? आपल्याकडे सोयाबीनचा उतारा हेक्टरी १० ते १२ क्विंटल, अमेरिका-ब्राझीलमध्ये ३० च्या पुढे. आपले पीक जवळजवळ सगळे पावसावर. शेंगा भरताना ओढ बसली किंवा काढणीच्या वेळी कोसळला तर हंगामच गेला. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकने शेतेच्या शेते पिवळी पडली, ते वेगळेच. १९९४ मध्ये आलेले ‘जेएस ३३५’ हे वाण आजही पेरले जाते. राहुरी विद्यापीठाचे ‘फुले संगम’, ‘फुले किमया’, परभणीची वाणे त्याहून सरस आहेत, पण खात्रीचे बियाणे वेळेवर हाती पडणे हीच अडचण. पामचा तर सामनाच नाही: झाड लागते झाले की हेक्टरी तीन-चार टन तेल देते. त्यात एक विसंगती अशी की जनुकबदल केलेले सोयाबीन पेरायला भारतात मनाई, मात्र त्याच सोयाबीनचे तेल बाहेरून आणायला मोकळीक.

तेलासाठी आपण नेहमीच असे बाहेर पाहत नव्हतो. १९८६ मध्ये तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि दहाएक वर्षांत तेलबियांचे उत्पादन दुपटीच्या घरात गेले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ‘धारा’ तेल बाजारात आणून भाव सांभाळले (त्याच्या जाहिरातीतला, जिलबीच्या नावाने घरी परतणारा पोरगा एका पिढीला अजून आठवतो). नव्वदीच्या सुरुवातीला आयात नावापुरती उरली होती. मग १९९४ पासून पामोलिनची आयात खुली होत गेली आणि शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आले. जागतिक व्यापार करारात आपण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्काची मुभा राखली, सोयातेलावर मात्र ४५ टक्क्यांची कमाल मर्यादा स्वीकारली. आज आपण वापरतो त्या तेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते, त्यात सर्वांत मोठा वाटा पामचा. घरात पामतेलाचा डबा नाही असे सांगणाऱ्याने बिस्किट, वेफर आणि फरसाणाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचावीत.

तेव्हा नुसते शुल्क वर-खाली करून काय होणार? त्यातही धरसोड. २८ मे २०२५ रोजी सरकारने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये केला आणि दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवले. एका हाताने शेतकऱ्याला पेरणीचे निमंत्रण, दुसऱ्या हाताने शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा. शिवाय शुल्क वाढले की नेपाळमार्गे, सार्क देशांच्या करारातल्या सवलतीने, बिनशुल्क रिफाइंड तेलाची आवक वाढू लागते. नेपाळात सोयाबीन किती पिकते हा प्रश्न सीमेवर कुणी विचारत नाही.

माझ्या मते पामशी लिटरच्या भावात भांडण्याचा नाद सोडून द्यावा. ते जिंकता येणार नाही. सोयाबीन वाचवायचे असेल तर तेलाआधी पेंडेचा विचार करावा लागेल: पेंडेला गिऱ्हाईक कुठले, चोथ्याशी तिची गाठ कशी घालायची, एकरी उतारा दोन-तीन क्विंटलने कसा वाढवायचा. आणि खरी तेलाची पिके वेगळी आहेत. करडई एकेकाळी मराठवाडा-सोलापूरच्या काळ्या रानात, ज्वारीच्या कडेने आणि पट्ट्यांत असायची. तिला पाणी लागत नाही. मुळे खोल जाऊन जमिनीतली ओल शोधतात. ती गेली ती स्वस्त तेलामुळे, पण एकट्या त्याच्यामुळे नव्हे. काटेरी झाडे कापायला मजूर मिळेनात, आणि तिच्या जागी हमखास विकला जाणारा हरभरा आला. आता कापणीयंत्र गावोगाव फिरते, त्यामुळे काट्यांची अडचण बरीचशी संपली आहे. शहरांत लाकडी घाण्याचे करडईचे, शेंगदाण्याचे तेल लोक पामच्या दुप्पट-तिप्पट दराने घेतात, कारण ते तेल आणि पाम ही त्यांच्या लेखी एकच वस्तू नाही. अडते ते मधल्या टप्प्यावर: वीस-पंचवीस क्विंटल करडई घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला जवळच्या बाजारात बोली लावणारा दुसरा व्यापारी भेटत नाही. घाणेवाले आणि शेतकरी कंपन्या यांच्यात पेरणीपूर्वी भावाचा करार झाला, तर हे रान पुन्हा करडईकडे वळायला दोन हंगाम पुरतील.