आईचं दूध आणि सिक्युरिटी चेक: 100 मिलीचा नियम बाळाच्या बाटलीला लागतो का?

पनवेलकरांना विमान पकडायचं म्हणजे आतापर्यंत वाशीचा पूल, मानखुर्दची कोंडी आणि मग कुठे अंधेरी. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि हे गणित बदललं. विमानतळ उलव्याला, म्हणजे पनवेल तालुक्यातच आहे. बंगळुरूच्या लेकीकडे किंवा दिल्लीच्या सासरी जायला तान्ह्या बाळासह विमानाने निघणारी घरं आता वाढतील.

अशा घरात निघायच्या आदल्या रात्री एक प्रश्न हमखास पडतो. बाळासाठी काढून ठेवलेलं दूध पर्समध्ये नेऊ देतील, की तपासणीच्या टेबलाशेजारच्या डब्यात टाकायला लावतील?

थोडक्यात उत्तर असं: बाळ सोबत असेल, तर प्रवासात लागेल एवढं दूध नेता येतं, बाटली 100 मिलीपेक्षा मोठी असली तरी. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. दूध आहे हे सांगावं लागतं, ते वेगळं काढून दाखवावं लागतं आणि त्याची तपासणी होऊ द्यावी लागते. बाळ सोबत नसेल, तर मात्र उत्तर इतकं सरळ नाही.

100 मिलीचा नियम आला कुठून?

10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघड केला. थंड पेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन लंडनहून अमेरिका-कॅनडाला जाणारी विमानं उडवायची, असा तो बेत होता. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये हातातल्या सामानात जवळजवळ सगळे द्रव पदार्थ बंद झाले. बाळाच्या दुधाला तेवढी सूट मिळाली, पण अट अशी की सोबतच्या मोठ्या माणसाने प्रत्येक बाटलीतलं दूध तिथेच चाखून दाखवायचं.

पुढे त्या सरसकट बंदीची जागा आजच्या नियमाने घेतली: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त 100 मिलीची आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मार्च 2007 पासून हा नियम जगभर लागू करण्याची शिफारस केली. त्याच शिफारशीत तीन अपवाद होते: औषधं, बाळाचं दूध व खाणं, आणि पथ्याचे पदार्थ. म्हणजे बाळाच्या दुधाची सूट ही टेबलावरच्या कर्मचाऱ्याची मेहेरबानी नाही. ती नियमातच आहे.

भारतात काय चालतं?

आपल्याकडे नियम ठरवतं नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो. नवी मुंबईसह बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी करतात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान. विमान कंपनीच्या काउंटरवर 'दूध चालेल' असं सांगितलं, तरी शेवटचा शब्द तपासणीच्या टेबलावरच्या जवानाचा असतो. म्हणून काउंटरवरच्या होकारावर विसंबू नका.

देशांतर्गत प्रवासात द्रव पदार्थांबाबत तुलनेने कमी अडवणूक होते. पाण्याची बाटली आत नेल्याचा अनुभव अनेकांना असेल. आंतरराष्ट्रीय प्रवासात मात्र 100 मिलीचा नियम काटेकोर पाळला जातो. तिथेच बाळाच्या दुधाच्या अपवादाचा खरा उपयोग होतो. आईचं दूध, पावडरचं दूध, त्यासाठी उकळून नेलेलं पाणी आणि बाळाचं पातळ खाणं हे सगळं या अपवादात बसू शकतं.

'प्रवासापुरतं' म्हणजे किती?

खरी मेख या शब्दात आहे. नियम 'प्रवासात लागेल एवढं' म्हणतो, आकडा देत नाही. तो आपणच काढून ठेवावा.

फक्त अंगावर पिणारं एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण 750 मिली दूध पितं, म्हणजे तासाला तीसेक मिली. पनवेलहून बंगळुरूला जायचं, तर घरातून विमानतळ, तिथली थांबण्याची वेळ, विमानातले दोनेक तास आणि उतरल्यावरचा रस्ता धरून सहा-सात तास होतात. त्याला सुमारे 200 मिली दूध लागेल. विमान लेट झालं तर, म्हणून दुप्पट धरा: 400 मिली. कोणी विचारलं 'एवढं कशाला?', तर हा हिशेब दोन वाक्यांत सांगता येतो.

हे दूध एका मोठ्या बाटलीत न भरता 60 ते 100 मिलीच्या बाटल्यांत भरलेलं बरं. एखादी उघडावी लागली, तरी बाकीचं दूध जसंच्या तसं राहतं.

टेबलावर काय करायचं?

- दुधाची पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवा. ट्रेमध्ये ती वेगळी ठेवा.
- बॅग मशीनमध्ये जाण्याआधीच सांगा, "यात बाळाचं दूध आहे." मशीनमधून बाटल्या दिसल्यावर खुलासा करण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही चांगलं.
- बाटल्यांवर दूध काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पट्टी चिकटवा. दूध कधीचं, हे तुम्हालाही कळतं आणि तपासणाऱ्यालाही.
- बाटली उघडावी लागली, तर हातमोजे बदलण्याची विनंती करा. झाकण स्वतः उघडते म्हणून सांगा.
- बाळाला झोळीत किंवा कॅरियरमध्ये बांधलं असेल, तर बाहेर काढावं लागतं. प्रॅमही मशीनमधून जाते. सोबत दुसरं माणूस असेल तर बाळ एकाकडे आणि सामान दुसऱ्याकडे, असं आधीच ठरवा.
- बायकांची अंगझडती महिला कर्मचारी आडोशाच्या खोलीत घेतात. अंगावर पाजणाऱ्या आईला छातीला हात लागला तर दुखू शकतं. तसं सांगायला संकोच करू नका.

नाहीच जमलं, तर आवाज चढवण्याऐवजी ड्युटीवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावण्याची विनंती करा. सूट नियमात आहे, हे त्यांना माहीत असतं.

एक्स-रेने दूध खराब होतं का?

नाही. सामान तपासणाऱ्या मशीनमधून गेलेल्या अन्नपदार्थाने अपाय होतो असं आढळलेलं नाही. किरण पलीकडे निघून जातात, दुधात काही उरत नाही. दुधाला धोका मशीनपेक्षा उन्हाचा आणि वेळेचा जास्त आहे.

अमेरिकेच्या आरोग्य संस्थेच्या सूचनेप्रमाणे ताजं काढलेलं दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. पनवेलला एप्रिल-मेमध्ये रिक्षातलं किंवा गाडीतलं तापमान याच्या कितीतरी वर असतं. गोठवलेले आइस पॅक घातलेल्या इन्सुलेटेड पिशवीत मात्र तेच दूध 24 तास राहतं. गोठवलेलं दूध वितळलं की खोलीच्या तापमानात दोन तासांच्या आत वापरायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही.

आइस पॅकमध्येही जेल असतं. वितळलेला पॅक तपासणीत द्रव म्हणून बाजूला निघू शकतो, म्हणून तो घट्ट गोठलेला असताना घरातून निघा. विमानातल्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका. दूध कोमट करायला गरम पाणी मागा आणि बाटली त्यात ठेवा.

बाळ घरी आणि आई दौऱ्यावर

नोकरी करणाऱ्या आईपुढचा प्रश्न वेगळा असतो. दोन दिवसांच्या कामासाठी ती दिल्लीला जाते. दूध दाटतं, म्हणून पंपाने काढत राहावं लागतं. परतताना बॅगेत लिटरभर दूध असतं, पण दाखवायला बाळ नसतं. 'प्रवासात लागणारं' या शब्दांत हे दूध बसत नाही, आणि अडचण होते ती इथेच.

काही देशांनी हे ओळखून नियम बदलले. अमेरिकेत बाळ सोबत नसलं तरी आईचं दूध, पंप आणि आइस पॅक नेता येतात. तपासणी कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण द्यावं, असा कायदाच तिथे 2016 साली झाला. ब्रिटनमध्येही बाळाशिवाय आईचं दूध चालतं, एका बाटलीत दोन लिटरपर्यंत. गोठवलेलं दूध मात्र तिथे हातातल्या सामानात चालत नाही, ते चेक-इन सामानात टाकावं लागतं. म्हणून लंडनमार्गे प्रवास असेल, तर हे आधीच लक्षात घ्या. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि नियम त्या देशाचे लागतात.

आपल्याकडे बाळ सोबत नसेल, तर खात्रीचा मार्ग एकच: दूध गोठवून, पिशव्या एकात एक घालून, इन्सुलेटेड डब्यातून चेक-इन सामानात टाका. ड्राय आइस वापरायचा तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्या. त्याची मर्यादा माणशी अडीच किलो आहे. बॅटरीवर चालणारा पंप आणि पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच ठेवा. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही.

दुधाची किंमत

मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी वजनाच्या, आजारी बाळांसाठी तिथे एका आईचं दूध दुसऱ्या आईच्या बाळापर्यंत पोचतं. तिथे प्रत्येक बाटलीची मोजदाद ठेवतात. वेळ काढून, उठून, बसून, दुखणं सोसून काढलेल्या त्याच दुधाला तपासणीच्या रांगेत 'द्रव पदार्थ' हे एकच नाव उरतं.

सुरक्षेची काळजी खोटी नाही, आणि दुधाची बाटली तपासायला फार वेळही लागत नाही. बाळ सोबत असताना नियम आईच्या बाजूने आहे. बाळ घरी असलेल्या आईसाठी तो आपल्याकडे अजून नीट लिहिला गेलेला नाही. तोवर निघताना पिशवीत आइस पॅक घाला, बाटल्यांवर तारीख-वेळ लिहा आणि टेबलाशी पोचताच पहिलं वाक्य तुमचंच असू द्या: "यात बाळाचं दूध आहे."