टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइड मिश्रधातू : उष्णतेतील बळ आणि शीतावस्थेतील ठिसूळपणा

झोत एंजिनातील टरबाइनच्या फिरत्या पात्यावर जो प्रमुख ताण पडतो, तो तप्त वायूच्या माऱ्यामुळे नव्हे, तर पात्याच्या स्वतःच्या वस्तुमानामुळे पडतो. चक्र फिरू लागले की पात्याचा प्रत्येक कण केंद्रापासून दूर जाऊ पाहतो व त्या ओढीचा सारा भार पात्याच्या मुळाशी एकवटतो. आकार व वेग तेच ठेवून द्रव्याची घनता निम्मी केली, तर हा ताणही निम्मा होतो; आणि पाते हलके झाले म्हणजे त्याला धरून ठेवणारे चक्रही हलके करता येते. या कामी रूढ असलेल्या निकेलच्या मिश्रधातूंची घनता दर घन सेंटिमीटरला ८ ग्रॅमच्या वर असते. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडाची सुमारे ४ आहे. नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातू ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास निरुपयोगी होऊ लागतात, तर ही द्रव्ये ७०० ते ७५० अंशांपर्यंत टिकाव धरतात.

मॅक्अँड्र्यू व केसलर यांनी वजनाने ३६ टक्के अ‍ॅल्युमिनियम असलेल्या, म्हणजे अणुसंख्येने जवळजवळ निम्म्या-निम्म्या, मिश्रणाकडे १९५६ मध्येच लक्ष वेधले होते. परंतु नागरी विमानसेवेतील एंजिनात अशी पाती बसली ती २०११ मध्ये. मधली पंचावन्न वर्षे कशात गेली, हे समजून घेणे म्हणजेच या द्रव्याचे स्वरूप समजून घेणे होय.

रचना व गुणधर्म

सामान्य मिश्रधातूत निरनिराळे अणू एकाच जालकात यदृच्छया विखुरलेले असतात. येथे तसे नाही. गामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रावस्थेत टायटॅनियमच्या अणूंचा एक थर, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा एक थर, असा क्रम काटेकोरपणे पाळला जातो. ही आंतरधातवीय संयुगाची रचना होय. धातू वाकतो तेव्हा स्फटिकातील थर एकमेकांवरून सरकतात. हे सरकणे स्थानभ्रंश नावाच्या रेषारूप दोषांच्या द्वारे घडते. क्रमबद्ध रचनेत असा दोष पुढे सरकला की अणूंचा क्रम मोडण्याचा संभव असतो, म्हणून त्याची हालचाल अवघड होते. शिवाय अणूंचे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे मंदावते. उच्च तापमानाला, सतत भाराखाली, पाते हळूहळू लांबत जाण्याची जी क्रिया असते, तिला यामुळेच प्रतिबंध होतो.

ज्या कारणाने उष्णतेत बळ येते, त्याच कारणाने शीतावस्थेत ठिसूळपणा येतो. खोलीच्या तापमानाला ही मिश्रधातू तुटण्यापूर्वी जेमतेम एक ते दोन टक्के लांबते. ठिसूळपणाकडून तन्यतेकडे तिचे संक्रमण सुमारे ७०० अंशांच्या परिसरात होते. म्हणजे पाते कामावर असताना जे द्रव्य काहीसे सहनशील असते, तेच घडताना, जोडताना व हाताळताना काचेची आठवण करून देते.

शुद्ध गामा प्रावस्था फारच ठिसूळ असते. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण किंचित घटवून अणुसंख्येने ४५ ते ४८ टक्क्यांवर आणले, तर गामाबरोबर अल्फा-दोन ही दुसरी प्रावस्था उत्पन्न होते. तिच्यात टायटॅनियमचे तीन अणू व अ‍ॅल्युमिनियमचा एक असे प्रमाण असते. ती गामातील ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेते व गामाची तन्यता थोडी सुधारते. उच्च तापमानावरून थंड होताना या दोन प्रावस्थांची पातळ पटले एकाआड एक रचली जातात. अशी स्तरित रचना विसर्पणास व चिरेच्या वाढीस चांगला विरोध करते, पण तिची तन्यता कमी असते. उलट स्तरित कण व गामाचे बारीक कण यांचे मिश्रण केले, तर तन्यता वाढते व विसर्पणरोध घटतो. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात यामागुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व पटले एकाच दिशेला असलेले स्फटिक वाढवून दाखविले की, भार पटलांशी समांतर वा लंब असेल तेव्हा बळ मोठे असते आणि तिरपा असेल तेव्हा ते पुष्कळच उतरते. तेव्हा या मिश्रधातूचे 'बळ' म्हणून एकच आकडा सांगणे अपुरे आहे. ती कोणत्या रीतीने तयार केली, हेही सांगावयास हवे.

प्रक्रिया

पहिली अडचण वितळविण्यापासूनच सुरू होते. वितळलेला टायटॅनियम बहुतेक मातीच्या मुशींशी संयोग पावतो व त्यांतील ऑक्सिजन घेतो. म्हणून पाण्याने थंड राखलेल्या तांब्याच्या मुशीत, निर्वातात वा निष्क्रिय वायूत, वितळण घडवून आणतात. मुशीच्या कडेला धातूचेच कवच गोठते आणि तेच रसाला मुशीपासून दूर ठेवते. मात्र अशा रसाला फारशी अतिरिक्त उष्णता देता येत नाही. पातळ साचा भरण्यापूर्वीच तो गोठू लागतो. त्यामुळे पाते ओतताना प्रत्यक्षाहून जाड ओतावे लागते व वरचे द्रव्य नंतर खरवडून काढावे लागते. आतील पोकळ्या उच्च दाब व उष्णता देऊन मिटवितात.

दुसरा मार्ग घडाईचा. त्यासाठी नायोबियम व मॉलिब्डेनम घालून घडाईच्या तापमानाला बीटा ही मऊ प्रावस्था उपलब्ध होईल अशी मिश्रधातू योजितात. ४३.५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के नायोबियम व १ टक्का मॉलिब्डेनम असलेली मिश्रधातू या वर्गातील आहे. नायोबियमचा आणखी एक उपयोग आहे. उष्ण हवेत या द्रव्यावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडाचा अखंड, संरक्षक थर सहसा बनत नाही, टायटॅनियमचे ऑक्साइडही मिसळते. नायोबियममुळे ही झीज मंदावते.

तिसरा मार्ग अलीकडील आहे. निर्वातात पसरलेली भुकटी इलेक्ट्रॉन शलाकेने थरावर थर वितळवून पाते उभे करतात. भुकटीचा थर आधीच १००० अंशांच्या वर तापविलेला असल्यामुळे असमान थंडाव्याने तडे जात नाहीत. निर्वातात अ‍ॅल्युमिनियम उडून जातो, म्हणून भुकटीत तो थोडा जास्त घ्यावा लागतो. इटलीतील कामेरी येथील कारखान्यात या रीतीने पाती होतात. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या जीई-९एक्स एंजिनात ती वापरली आहेत.

अनुभवाचा निर्णय

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने अणुसंख्येने ४८ टक्के अ‍ॅल्युमिनियम, २ टक्के क्रोमियम व २ टक्के नायोबियम असलेल्या मिश्रधातूची पाती १९९३ मध्ये एका एंजिनात हजाराहून अधिक आवर्तने चालवून पाहिली. पुढे जीईएनएक्स एंजिनाच्या कमी दाबाच्या टरबाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांत तीच मिश्रधातू ओतीव रूपात बसविली. ही पाती २०११ पासून सेवेत आहेत.

दुसरे उदाहरण असे सरळ नाही. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या पीडब्ल्यू-११००जी या एंजिनात पंखा व टरबाइन यांच्यामध्ये दंतचक्रे असल्यामुळे कमी दाबाचे टरबाइन अधिक वेगाने फिरते. हलक्या पात्याचा लाभ तेथे अधिक, म्हणून तिसऱ्या टप्प्यात टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडाची घडीव पाती योजिली. सेवेत ही पाती तुटून काही एंजिने उड्डाणात बंद करावी लागली. १ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने इंडिगोला आपल्या ९७ विमानांवर सुधारित एंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बसविण्यास सांगितले; ही मुदत पुढे वाढवावी लागली. सुधारणा होती ती पात्याच्या द्रव्यात. वजनाचा लाभ सोडून आघात अधिक सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूकडे परत जावे लागले.

यावरून ही मिश्रधातू अयोग्य ठरते असे नाही. एका एंजिनात ती टिकते व दुसऱ्यात टिकत नाही, याचा अर्थ इतकाच की तिचा ठिसूळपणा घालविलेला नसून त्याला योग्य जागा शोधून दिलेली आहे. पात्याचा वेग, त्यावर आदळू शकणारे कण व मुळाशी असलेला ताण या तिन्ही गोष्टी पाहूनच ती जागा ठरते.

या क्षेत्रात आपल्या देशाचा वाटा आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेत दीपंकर बॅनर्जी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नायोबियमयुक्त अल्फा-दोन मिश्रधातूंत एक नवी समचतुर्भुजी क्रमबद्ध प्रावस्था शोधून काढली. तीन असमान पण परस्परांशी लंब अक्ष हे तिचे लक्षण. तिच्यावर आधारलेल्या मिश्रधातू गामापेक्षा जड, पण अधिक तन्य असतात. बळ व तन्यता यांतील तडजोड कोठे करावयाची, हा प्रश्न तेथेही नव्या रूपात उभा आहेच, आणि पुढील अभ्यासकास करण्यासारखे काम त्यातच आहे.