हजाराच्या आत

दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये डोळे जड झाले की आपण खापर फोडतो डब्यातल्या भातावर. भात अगदीच निर्दोष असतो असं नाही. पण बारा माणसं, बंद दार आणि भिंतीवर स्प्लिट एसी अशी खोली असेल, तर आधी एक गणित मांडून पाहावं. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खोली चार मीटर बाय पाच आणि उंची तीन मीटर, म्हणजे आत ६० हजार लिटर हवा. बाहेरच्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतं. दार उघडलंच नाही, तर अर्ध्या तासात खोलीतला आकडा २२००च्या घरात जातो. उच्छ्वासात हाच वायू सुमारे ४० हजार भाग असतो. तेव्हा उलटा हिशेब केला, तर या खोलीत आपण घेतलेला साधारण दर बाविसावा श्वास कुणाच्या तरी फुफ्फुसांतून आधीच फिरून आलेला असतो.

स्प्लिट एसी तीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची हवा आणणं हे त्याचं कामच नव्हे. आपल्याकडच्या असंख्य लहान ऑफिसांत, क्लासेसमध्ये, दवाखान्यांत मात्र गार हवा हीच चांगली हवा असं धरून चालतात.

खोलीतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १००० भागांच्या आत असावा, हा आकडा जुना आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली तो सुचवला, तेव्हा एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी असतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी आजही ५००० भागांपर्यंत मुभा असते. माणसांनी खोलीतली हवा किती वापरली, याची खूण म्हणून पेटेनकोफर यांनी हा वायू मोजला. आजचे मापक बसवणारेही हेच करतात.

या आकड्याला कायद्याचं बळ दिलं जपानने. १९७०च्या कायद्यानुसार तिथली मोठी ऑफिसं, दुकानं, हॉटेलं, नाट्यगृहं (साधारणपणे ३००० चौरस मीटरपासून पुढची) यांना दर दोन महिन्यांच्या आत हवा मोजावी लागते. धूळ, कार्बन मोनॉक्साइड, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि हजाराच्या आत असायला हवा तो कार्बन डायऑक्साइड. मला सगळ्यात आवडतो तो त्यातला एक बारीक तपशील : मोजणी जमिनीपासून ७५ ते १५० सेंटिमीटर उंचीवर करायची. म्हणजे माणसाचं नाक जिथे असतं तिथे.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. १९७३च्या तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद केल्या गेल्या. वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने १९८१ साली धूम्रपान नसलेल्या ऑफिसांसाठी माणशी मिनिटाला फक्त पाच घनफूट बाहेरची हवा पुरेशी ठरवली. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, घशाची खवखव अशा तक्रारी वाढत गेल्या आणि १९८९ साली ऑफिसांसाठी तोच आकडा २० करावा लागला.

मोजणं आता स्वस्त झालंय, पण यंत्राच्या खोडी माहीत हव्यात. चांगला कार्बन डायऑक्साइड मापक अवरक्त प्रकाश हवेतून सोडतो आणि त्यातला किती शोषला गेला ते पाहतो. काळाबरोबर तो चळतो, म्हणून अनेक यंत्रं स्वतःला आपोआप दुरुस्त करतात : काही दिवसांतला सर्वात कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असं गृहीत धरून. रात्री रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात हे चालून जातं. तीन पाळ्यांच्या कॉल सेंटरमध्ये मजला कधीच रिकामा होत नाही. तिथे यंत्र वापरलेल्या हवेलाच ताजी समजतं आणि दिवसेंदिवस कमी आकडे दाखवतं. पडद्यावर सगळं हिरवंगार. धुळीचे लेझर मापक मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणाने फुगलेल्या कणांमुळे जास्त आकडा देतात. रासायनिक वाफांचा मापक तर फिनेलने पुसलेली लादी आणि नव्या फर्निचरचा गोंद यांत फरकच करू शकत नाही.

जागेचा घोळ आणखी मोठा. केंद्रीय एसी असलेल्या ऑफिसांत बरेचदा एकच मापक परतीच्या हवेच्या डक्टमध्ये बसवतात. त्याला अख्ख्या मजल्याची सरासरी कळते. कोपऱ्यातल्या मीटिंग रूममधल्या बारा जणांचे हाल त्या सरासरीत विरून जातात.

आणि समजा, आकडा खरा आहे आणि तो वाढलाय, तर? फ्रेश एअरचा डँपर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) उघडा, असं पुस्तक सांगतं. उन्हाळ्यात प्रत्येक घनफूट गरम, दमट हवा गार करायला वीज लागते, म्हणून तो डँपर बिलाच्या धाकाने बंद असतो. हिवाळ्यात, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या रात्री, बाहेरून सूक्ष्म धूळच आत येते. आपल्या राष्ट्रीय मानकात या सूक्ष्म धुळीची, म्हणजे पीएम २.५ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सांगितली. म्हणून नुसता वायू मोजून भागत नाही, धूळही सोबत मोजावी लागते आणि बाहेरची हवा बारीक धूळ अडवणाऱ्या, एमईआरव्ही १३ दर्जाच्या फिल्टरमधून घ्यावी लागते. असा दाट फिल्टर जुन्या एअर हँडलिंग युनिटच्या पंख्याला झेपेलच असं नाही; न झेपला तर आत येणारी हवाच कमी होते आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा पुन्हा चढतो. आपल्या ऑफिसच्या फॅसिलिटी मॅनेजरला विचारायचंच झालं, तर दोन गोष्टी विचाराव्यात : फ्रेश एअरचं तोंड नेमकं कुठे उघडतं, पार्किंगमध्ये की जनरेटरच्या धुराड्याशेजारी? आणि फिल्टर शेवटचा कधी बदलला?