पिंप आणि हंडा : दोन अमेरिकन चित्रकारांची शेतावरील रेखाटने

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन चित्रकला म्हटली की नायगाराचा धबधबा, डोंगरदऱ्या आणि अफाट अरण्ये यांची भव्य निसर्गचित्रे प्रथम आठवतात. त्याच काळात काही चित्रकार मात्र शेतावर बसून पिंपे, बादल्या आणि हंडे रेखाटीत होते. या क्षुल्लक वस्तूंत पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

विल्यम सिडनी माउंट (१८०७-१८६८) हा लाँग आयलंडवरील सेटॉकेटचा. वस्तूंची घडण समजून घेण्याची त्याला इतकी आवड, की त्याने आत वळलेल्या पाठीचे व्हायोलिन तयार करून १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. त्याची अनेक रेखाटने आज स्टोनी ब्रुक येथील लाँग आयलंड म्युझियममध्ये आहेत. ‘सायडर मेकिंग’ (१८४०-४१) या त्याच्या चित्रात सफरचंदांचा रस काढण्याची यंत्रे आणि पिंपे दिसतात. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या व्हिग पक्षाने ओंडक्यांची झोपडी व सायडरचे पिंप ही आपली प्रचारचिन्हे केली होती. चित्र करवून घेणारे चार्ल्स ऑगस्टस डेव्हिस याच पक्षाचे. त्यामुळे समकालीन प्रेक्षकाला त्या पिंपात सुगीबरोबर राजकारणही दिसले असणार.

ईस्टमन जॉन्सन (१८२४-१९०६) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात मेन राज्यातील फ्रायबर्ग येथे त्याने मेपल साखरेच्या तळांची अनेक तैल-रेखाटने केली. वसंताच्या आरंभी झाडाला भोक पाडून रस काढीत आणि उघड्या आगीवर लोखंडी हंड्यात तो आटवीत. सुमारे चाळीस लिटर रसापासून एक लिटर पाक मिळे. दक्षिणेतील उसाची साखर गुलामांच्या श्रमांतून निघत असे. म्हणून गुलामगिरीच्या विरोधकांनी मेपल साखरेचा मुक्त श्रमाची साखर म्हणून पुरस्कार केला. युद्धकाळी रेखाटलेला तो हंडा म्हणजे चुलीवरचे केवळ भांडे नव्हे.

या रेखाटनांवरून जॉन्सनला एक मोठे चित्र करावयाचे होते. ते कधीच पुरे झाले नाही. तरीही आगीचा धूर, हंड्याभोवती जमलेली माणसे आणि त्यांचे श्रम त्या छोट्या फलकांवर टिकून आहेत. वस्तूचे रेखाटन पाहताना रेषेच्या सफाईबरोबरच ती वस्तू कोण वापरीत होते आणि कशासाठी, हेही विचारावे. उत्तरात त्या समाजाचा इतिहास हाती लागतो.