खेळायला पैसे कशाला लागतात? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं, ते एकाच जिल्ह्यासाठी. यंत्रमाग आणि विडी कामगारांची, शेतमजुरांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं-मुली इथे शिकतात. अंगात खेळ असूनही त्यांतले कितीतरी जण निवड चाचणीपर्यंत पोचत नाहीत. त्यांची अडचण नीट न कळण्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : खो-खो, कबड्डी, धावणं यांना खर्चच नसतो.
वस्तुस्थिती : खो-खोला मैदान आणि दोन खांब पुरतात, हे खरं. पण खेळाडूला बूट लागतात, दूध-अंडी लागतात, मैदानापर्यंतचं भाडं लागतं. दुखापत झाली तर औषधपाणी आलंच. सगळ्यात मोठा फटका बुडालेल्या मजुरीचा. संध्याकाळी दुकानात राबणारा मुलगा सरावाला थांबला, की त्या दिवसाचे पैसे गेले.

गैरसमज : शिष्यवृत्ती मिळते, मग अडचण काय?
वस्तुस्थिती : राजर्षी शाहू योजना शिक्षण शुल्काचा भार हलका करते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. या योजना मोलाच्याच आहेत, पण त्यांतून स्पाइक्स येत नाहीत आणि खुराकही भागत नाही.

गैरसमज : निवड झाली की सगळं मिळतं.
वस्तुस्थिती : विद्यापीठाच्या संघात आल्यावर किट आणि प्रवासभत्ता मिळतो. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये हातखर्च मिळतो. पण खरी ओढाताण त्याआधीची, निवड चाचणीला पोचण्याची. अकलूज किंवा करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब. एसटीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर चालतो. मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मुलांना चाचणीसाठी पूर्ण भाडं मोजावं लागतं.

गैरसमज : खरी गुणवत्ता आपली वाट काढतेच.
वस्तुस्थिती : कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातला रामजी कश्यप आपल्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा. कष्टकरी घरातला हा मुलगा घडला, कारण गावात खो-खोचं मैदान आणि परंपरा होती. गुणवत्तेला वेळेवर हात देणारं कुणीतरी लागतंच.

गैरसमज : खेळाडूला मदत म्हणजे उपकार.
वस्तुस्थिती : प्रवेश घेताना विद्यार्थी क्रीडा शुल्क भरतात. जिमखान्याचा निधी त्यांचाच आहे. त्यातून चाचणीचं भाडं आणि बुटांचा एक जोड आधी द्यावा, निकालाची वाट पाहू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ योजनाही इथे कामी येईल. मैदान आखणं, साहित्याची देखभाल, नवख्यांचा सराव घेणं ही कामं तिच्यात धरली, तर सराव आणि कमाई एकाच मैदानावर होईल. पदकानंतरच्या सत्काराला निधी सापडतो. तोच चाचणीआधीच्या तिकिटाला द्यावा.