नाणेघाटातील राजपंक्ती : सातवाहनांचा वारसाक्रम आणि एक राणी

जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या पलीकडे सह्याद्रीचा कडा कोकणात उतरू लागतो तेथे, नाणेघाटाच्या माथ्यालगतच्या लेण्यात सातवाहन घराण्याच्या आरंभीच्या वारसाक्रमाचा, म्हणजे एका राजाकडून दुसऱ्याकडे सत्ता गेल्याच्या क्रमाचा, सर्वांत मोलाचा पुरावा कोरलेला आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच वाटेने चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जात असे. त्यामुळे राजघराण्याने आपली ओळख व्यापाऱ्यांच्या या रहदारीच्या वाटेवर मांडली, ही गोष्ट सहज घडलेली मानता येत नाही.

लेण्याच्या मागील भिंतीवर एकेकाळी आठ पूर्णाकृती प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली काही नावेच उरली आहेत. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि पुढे भगवानलाल इंद्रजी व गेऑर्ग ब्यूलर यांनी लेखांचे वाचन पक्के केले. या नावांत प्रथम घराण्याचा मूळपुरुष सिमुक सातवाहन येतो, त्यानंतर देवी नायनिका, म्हणजे ही रांग कोरवणारी मानली जाणारी राणी नागनिका, आणि तिचा पती राजा श्रीसातकर्णी, मग कुमार भायल, महारठी त्रणकयिर, आणि शेवटी कुमार हकुसिरी व कुमार सातवाहन. महारठी ही प्रादेशिक सरदारांची पदवी होती आणि हा महारठी बहुधा राणीचा पिता असावा, असे मानले जाते. राजाच्या सासऱ्याला राजकुळाच्या रांगेत उभे करणारी ही मांडणी पाहता, सिंहासनामागे सासरच्या रक्ताइतकेच माहेरचे बळही उभे आहे, हे राणीला दाखवायचे होते असे म्हणावे लागते.

येथेच वारसाक्रमाचा अवघड प्रश्न उभा राहतो. पुराणांतील वंशावळींनुसार सिमुकानंतर त्याचा भाऊ कृष्ण आणि त्याच्यानंतर सातकर्णी गादीवर आला. कृष्ण हा कल्पित राजा नव्हे, कारण नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लेण्यावर त्याच्या काळातील महामात्राचा, म्हणजे उच्च अधिकाऱ्याचा, लेख आहे. तरीही नाणेघाटातील टिकलेल्या नावांत तो नाही. यावरून सातकर्णी हा पुराणे म्हणतात तसा कृष्णाचा नव्हे, तर सिमुकाचाच पुत्र असावा, असे काही अभ्यासकांनी मानले. हा तर्क मोहक असला तरी सावधपणे घ्यावा लागतो, कारण ही प्रतिमांची रांग संपूर्ण वंशावळ नसून राणीने निवडलेल्या आप्तांचे स्मरण आहे, आणि पुराणांच्या याद्याही आपसांत जुळत नाहीत. मत्स्यपुराण या घराण्याचे ३० राजे सांगते, तर वायुपुराणाच्या पोथ्यांत ही संख्या बरीच कमी आहे.

बाजूच्या भिंतींवरील लांबलचक लेखात दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञांच्या दक्षिणा गायी, हत्ती, घोडे व कार्षापण नाण्यांच्या मोजदादीसह येतात, आणि म्हणूनच भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासातही हा लेख महत्त्वाचा ठरतो. राणी तेथे वेदिसिरी आणि सतिसिरी यांची माता म्हणून, व्रते-उपवास करणारी आणि संयमाने राहणारी म्हणून वर्णिली आहे. पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन पुत्रासाठी तिने राज्य सांभाळले, असा बहुतेक विद्वानांचा निष्कर्ष आहे.

नेपाळमधील चांगुनारायणाच्या स्तंभावर लिच्छवी राजा मानदेवाने ४६४ मध्ये जो लेख कोरवला, त्यातही पती धर्मदेव निवर्तल्यावर सहगमनास निघालेली माता राज्यवती आणि तिला थांबवून राज्य हाती घेणारा पुत्र, असा सत्तांतराचा प्रसंग येतो. मात्र तेथे मातेची कथा पुत्राने सांगितली आहे. नाणेघाटात कुळाचे स्मरण राणीच्या बाजूने मांडले गेले आहे.

पुढे सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातेच्या गोत्रनावावरून पडलेली नावे लावू लागले, तरी त्यावरून राज्य मातृवंशाने चालत होते असे म्हणता येत नाही, कारण गादी पित्याकडून पुत्राकडेच जात राहिली. अनेक राण्यांच्या पुत्रांत हा कोणाचा, हे मात्र त्या नावांतून कळे. मध्यंतरी हा प्रदेश क्षत्रप नहपानाकडे गेला, आणि त्याचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख जुन्नरच्याच मानमोडी डोंगरातील लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने तो प्रदेश परत मिळवला. त्याच्या पराक्रमाची नोंद नाशिकला कोरली गेली ती पुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, आणि कोरवणारी होती गौतमी बलश्री, जी तेथे स्वतःला एका महाराजाची माता आणि दुसऱ्याची आजी म्हणवते.