कपाचा कान ओढणारे हौशी हात

ओल्या मातीची जाडसर कांडी एका हातात उभी धरायची, दुसरा हात पाण्यात बुडवायचा आणि गाईची धार काढावी तशी ती वरून खाली ओढत आणायची. दर ओढीला कांडी लांब आणि बारीक होत जाते. जोर जास्त झाला तर तुटते. कमी पडला तर कान जाड राहतो आणि त्यात बोट नीट बसत नाही. जमलीच, तर तिची कमान करून कपाला लावायची. लावण्याआधी दोन्ही जागी ओरखडे काढायचे, त्यावर पातळ माती फिरवायची, नाहीतर वाळताना किंवा भट्टीत कान सुटून येतो. कपाला कान लावणं हे एवढं काम असतं, आणि ते टीव्हीवर डोळ्याचं पातं न लवता बघावंसं वाटतं.

‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’ हा ब्रिटिश कार्यक्रम अशाच कामांवर उभा आहे. २०१५च्या नोव्हेंबरात तो बीबीसी टूवर सुरू झाला. केक-पावाची सुप्रसिद्ध स्पर्धा ज्या लव्ह प्रॉडक्शन्सने काढली, त्यांचाच हा कार्यक्रम. दोन हंगामांनंतर बीबीसीने तो सोडला, २०२०मध्ये तो मोअर फोरवर आला आणि पुढच्या वर्षी चॅनल फोरवर गेला. देशभरातून आलेले हौशी कुंभार त्यात उतरतात. त्यांत शिक्षक असतात, विद्यार्थी असतात, नोकरी सांभाळून संध्याकाळी चाकावर बसणारे असतात, निवृत्तीनंतर मातीत हात घातलेले असतात. दर आठवड्याला एक मोठं काम, शिवाय छोट्या परीक्षा. एकाला आठवड्याचा उत्तम कुंभार ठरवतात आणि एक जण घरी जातो.

हे सगळं घडतं स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये. टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन या सहा गावांचं मिळून झालेलं हे शहर अडीचशे वर्षं मातीवर जगलं. आपल्याकडच्या जुन्या घरांत जपून ठेवलेल्या विलायती कपबश्या उलट्या केल्या, तर कित्येकींच्या तळाशी याच भागातल्या कारखान्यांची नावं सापडतात. खुद्द स्टोकच्या माणसाला तर ताटली उलटी करून शिक्का बघितल्याशिवाय चैन पडत नाही, मग ती हॉटेलातली का असेना.

पहिले हंगाम बर्स्लेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत झाले. १८८०च्या दशकात कालव्याकाठी बांधलेला हा कारखाना अजून चालू आहे. तिथे आजही नक्षी पातळ कागदावर छापून घेतात आणि तो कागद हातांनी भांड्यावर बसवतात. २०२१पासून स्पर्धा लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये भरते. तिथल्या अंगणात बाटलीच्या आकाराच्या विटांच्या उंच भट्ट्या उभ्या आहेत. शहरात एकेकाळी अशा दोन हजारांहून जास्त होत्या. आज पन्नासही नाहीत. १९५६च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने कोळशाच्या भट्ट्यांचे दिवस संपवले आणि १९७८मध्ये लाँगटनमध्येच, लोकांना बघता यावं म्हणून, अशी एक भट्टी शेवटची पेटवली गेली. ग्लॅडस्टनचा कारखानाही पाडायला काढला होता. लोकांनी तो वाचवला नसता, तर आज कॅमेरा लावायला ते अंगणच राहिलं नसतं.

या जागेत हौशी माणसांना बसवणं मला फार मोलाचं वाटतं, कारण इथल्या कामगाराला अख्खं भांडं कधी करायला मिळालंच नाही. बर्स्लेममध्ये १७३० साली जन्मलेल्या जोसाया वेजवुडने एट्रुरियाचा कारखाना काढला, तोच कामाच्या बारीक वाटण्या करून. एकाने चाकावर घडवायचं, दुसऱ्याने खरडून गुळगुळीत करायचं, तिसऱ्याने जन्मभर कानच लावायचे. भांडी धुरापासून वाचवण्यासाठी मातीच्या जाड पेट्यांत घालून भाजत. त्या पेट्या करणारा वेगळा आणि लोखंडी कड्यात माती ठोकून त्यांचे फक्त तळ करणारा पोऱ्या आणखी वेगळा. लहान मुलं साच्यावरची भांडी घेऊन कामाच्या मेजापासून तापलेल्या वाळवणीच्या खोलीकडे दिवसभर धावत. १८४०च्या सुमाराला सॅम्युअल स्क्रिव्हनने सरकारसाठी या मुलांच्या हालांची चौकशी केली होती. गारगोटीच्या पुडीने छाती भरून माणसं खोकत मेली, झिलईतल्या शिशाने अंगात विष भिनलं. रंगकाम बायकांकडे असे. क्लॅरिस क्लिफसारखी एखादी रंगारीण त्यातून पुढे स्वतःच्या नावाचा माल काढण्यापर्यंत पोचली, पण ती विरळाच. आपल्याकडच्या कितीतरी कुंभारघरांतही माती मळायची बाईने, रंगवायची बाईने, आणि चाकाला हात लावायचा तो पुरुषाने, अशीच वाटणी होती.

स्पर्धेत मात्र माती मळण्यापासून झिलईपर्यंत सगळं एकाच माणसाच्या अंगावर येतं, आणि बिघडलं तर ढकलायला दुसरं कुणी नसतं. मातीचे हिशेब लांबचे असतात. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा-बारा टक्के आकसते, म्हणून झाकणाची किटली करताना झाकण आणि तोंड एकाच मातीतून, एकाच वेळी करावं लागतं. चाकावर तळ नीट दाबला नाही तर वाळताना त्यात नागमोडी चीर पडते. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं, कधीकधी शेजारच्याच्या भांड्यालाही घेऊन जातं. पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास. मग झिलई आणि पुन्हा भट्टी. कच्ची झिलई पांढुरकी, मळकट दिसते. तिचा रंग निळा होणार की तपकिरी, हे अनुभवानेच ओळखायचं.

म्हणूनच ठरलेल्या मिनिटांत भराभर भांडी काढायची जी फेरी असते, ती मला कमी भावते. घाईत मातीचा स्वभाव कळत नाही, फक्त घाबरलेले हात दिसतात. त्यापेक्षा वाळवणीच्या खोलीतून आपली पाटी बाहेर काढतानाचे चेहरे बघावेत. राकू नावाच्या भाजणीच्या दिवशी तर भट्टी उघडून लालभडक भांडी चिमट्याने उचलतात आणि भुशात पुरतात. भुसा भडकतो, धूर झिलईच्या बारीक तड्यांत शिरतो आणि काळ्या रेषांचं जाळं उमटतं. ते कुठे आणि किती उमटेल, हे करणाऱ्याच्या हातात थोडंच असतं.

परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स पहिल्या हंगामापासून आहेत. धिप्पाड माणूस, आणि एखादं काम मनाला भिडलं की सगळ्यांसमोर रडतो. त्यांच्या या रडण्याची खूप चर्चा होते, पण ते कधी रडतात ते नीट बघण्यासारखं आहे. पहिल्याच प्रयत्नात सुबक जमलेल्या भांड्याला ते शाबासकी देतात. डोळे भरून येतात ते बहुधा अशा माणसापाशी, ज्याचं आधीच्या आठवड्यात सगळं कोसळलं होतं आणि ज्याने या आठवड्यात तीच चूक शोधून सुधारली. ते उमेदवारी करून हा धंदा शिकले. नवशिक्या हाताला एका सुधारणेसाठी किती माती वाया घालवावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे.

कार्यक्रमातली माणसंही जागा बदलत गेली. सुरुवातीला भट्टी सांभाळणारे रिच मिलर २०२१पासून कीथच्या शेजारी परीक्षक म्हणून उभे राहतात. त्यांच्या जागी आल्या रोझ श्मिट्स, निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेल्फ्टच्या, आणि तिसऱ्या हंगामातल्या स्पर्धक. भट्टीत कोणतं भांडं कुठे ठेवायचं, कोणत्या दोघांत बोटभर अंतर राखायचं आणि आच कधी वाढवायची, हे मग त्या ठरवू लागल्या.